मागच्या सीटवरचा तिरका पट्टा

आमच्या घरात एका वस्तूला एकच नाव कधी पुरत नाही. आप्पा मराठीत बोलतात, अव्वा, म्हणजे माझी आई, रागावली की कानडीत शिरते आणि मी बँकेत नोकरीला असल्यामुळे माझं अर्धं बोलणं इंग्रजीत गेलेलं आहे. त्यामुळे दारात पहिली गाडी आली, सेकंडहँड का होईना, तेव्हा तिला हार घालायच्या आधी आम्ही तिच्या पट्ट्यांवरून भांडलो.

पुढच्या सीटचा पट्टा खांद्यावरून तिरका खाली येतो आणि मग मांडीवरून आडवा जातो. मला गाडी शिकवणारे सर त्याला ‘थ्री पॉइंट’ म्हणायचे, कारण तो गाडीला तीन ठिकाणी धरलेला असतो. आप्पांनी ते ऐकून नाक मुरडलं. ‘‘कशाचा पॉइंट? तिरका पट्टा म्हण की सरळ.’’ अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत आप्पांचा चादरींचा छोटा कारखाना आहे. तिथे मागाच्या मोटारीवर दिवसभर पट्टा फिरत असतो, आणि त्याच्याच जिवावर आमचं घर चाललेलं आहे. जगात जे काही लांब, चपटं आणि कामाचं आहे ते सगळं आप्पांच्या लेखी पट्टा. सरांचं बकल आप्पांकडे येऊन ‘खटका’ झालं आणि त्या खटक्यात घुसणारी लोखंडी जीभ झाली ‘पातं’.

मागच्या सीटवर दोन्ही कडेला असेच तिरके पट्टे होते, पण मधोमध एक नुसता कमरेपुरता होता, विमानात असतो तसला. सर त्याला ‘लॅप बेल्ट’ म्हणाले. अव्वाने तो हातात घेतला मात्र, तिचा चेहरा उजळला. ‘‘अय्यो, हा तर डाबू!’’ कानडी मुलखात बायका लुगड्यावरून कमरेला चांदीचा पट्टा घालतात, तो डाबू. अव्वाच्या आज्जीकडे होता म्हणे, पुढे तो कुणाच्या वाट्याला गेला यावर अव्वा अजून तासभर बोलू शकते. ती मधल्या सीटवर बसली, डाबू लावला, पदर सारखा केला आणि आम्हाला गल्लीत चकरा मारायला लावल्या. समोरच्या घरातल्या काकूंना दिसावं म्हणून काच खाली करायला लावली. तो पट्टा खरंच चांदीचा असता तर ती त्या दिवशी गाडीतून उतरली नसती.

हे कौतुक फार टिकलं नाही. आप्पांना गाडीच्या सीटा उघड्या बघवेनात. ‘‘चादरवाल्याची गाडी, आन् सीटवर रेक्झिन? लोक तोंडात शेण घालतील,’’ म्हणाले. कारखान्यातून लाल-हिरव्या मोरांच्या जाड चादरी काढल्या आणि सीट कव्हर शिवणाऱ्या चाचांकडे गाडी नेऊन उभी केली. चाचांनी टेपने मापं घेतली, मागचे पट्टे चिमटीत धरून हलवले आणि म्हणाले, ‘‘पिच्छे के बेल्टां कौन लगातै जी? अंदर दबा डालतूं. सीट एकदम चिकनी दिखती.’’ आप्पांना ते पटलं. गाडी परत आली तेव्हा मागच्या सीटवर मोरच मोर होते आणि पट्टा औषधालाही दिसत नव्हता. कुणाला काही वाटलं नाही. मागे बसून पट्टा लावणारा माणूस तोवर मी तरी सोलापुरात पाहिला नव्हता. फक्त अव्वा तिच्या डाबूसाठी थोडी हळहळली.

माझी थोरली बहीण माढ्याला दिलेली आहे. शेतीचं घर, थोडा ऊस, थोडी ज्वारी, दारात शेळ्या. दाजी पुण्यात नोकरीला, ते सुट्टी मिळेल तसे घरी येतात. सासरे आधीच गेलेले. म्हणजे त्या एवढ्या घरात माणसं दोनच, ताई आणि तिच्या सासूबाई. त्यांना ताई आत्याबाई म्हणते म्हणून आम्हीही आत्याबाईच म्हणतो. उंच, काटक, चालणं भराभर, आणि आवाज असा की त्यांनी दारातून शेळीला हाक मारली की शेजारची शेळीसुद्धा निघून येते.

या आत्याबाईंचा आणि आमच्या घराचा एक रुसवा होता. ताईच्या लग्नात विहिणीच्या पंगतीला हुग्गी वाढत आणली, आणि ती आत्याबाईंच्या ताटाजवळ पोचायच्या आत पातेलं खरवडलं गेलं. हुग्गी म्हणजे गव्हाची खीर. आमच्याकडच्या लग्नात तिच्याशिवाय पान हलत नाही, आणि इथे मुलाच्या आईच्याच पानात ती नव्हती. आत्याबाई ताटावरून उठल्या, हात धुतला आणि म्हणाल्या, ‘‘आता ह्यांच्या उंबऱ्याला पाय लावायची न्हाय.’’ शब्दाच्या पक्क्या. अव्वाने दिवाळीला साडी धाडली, संक्रांतीला तिळगूळ धाडला, फोनवर बोलणं चालू राहिलं, पण त्या आमच्याकडे म्हणून आल्या नाहीत.

मग ताईला दिवस राहिले. पहिलं बाळंतपण माहेरी, हे तर ठरलेलंच. सातव्या महिन्यात ओटी भरून तिला सोलापूरला आणायचं होतं. एरवी मुराळी म्हणून भाऊ जातो. आम्हाला भाऊ नाही, तेव्हा मुराळीही मी आणि ड्रायव्हरही मीच. मला त्या मानाचं इतकं अप्रूप वाटलं की मी त्या कामासाठी नवा ड्रेस शिवायला टाकला. ताई रोज फोन करून हळू आवाजात सांगायची, ‘‘लवकर ये गं. मला अव्वाजवळ झोपायचंय.’’ अव्वाने तिच्यासाठी खोली रिकामी केली, पलंग खिडकीजवळ सरकवला, डिंक आणला, आळीव आणले, आणि पलंग परत भिंतीजवळ सरकवला.

आणायच्या आदल्या दिवशी सकाळी आत्याबाईंचा फोन आला. अव्वाने स्पीकर लावला.

‘‘सून उद्या पाटवते की. पन मागच्या सीटला पट्टा पायजे. पट्टा न्हाय तर सून न्हाय.’’

 आत्याबाईंनी कारणही सांगितलं. दाजींच्या मोबाइलवर त्यांनी एक व्हिडिओ पाहिला होता. मुद्दाम गाडी नेऊन भिंतीवर आपटतात, आणि आत माणसांएवढ्या बाहुल्या बसवलेल्या असतात. ‘‘पट्टा लावल्याली भावली जागंवर. अन् मागं बिनपट्ट्याची हुती ती कुटच्या कुटं उडाली. माझी सून भावलीवानी उडाया नको.’’

‘‘मग पुढं बसवू की तिला,’’ अव्वा म्हणाली.

‘‘पुडं न्हाय. पुडं फुगा फुटतोय.’’

फुगा म्हणजे एअरबॅग. फोन ठेवला आणि अव्वा तिथेच खुर्चीत बसून रडायला लागली. तिला वाटलं, हुग्गीचा वचपा निघाला. लेकीला पाठवायचंच नाही म्हणून हे पट्ट्याचं लचांड काढलंय. ताई माढ्यालाच राहणार, पहिलटकरीण पोरगी, जवळ आई नाही. मला आत्याबाईंचा असा राग आला की मी बडबडत सुटले. आप्पा मात्र चपला शोधत होते. ‘‘रडताव कशाला? पट्टे गेलेत कुटं? मोरांच्या खाली हायेत की.’’

त्यानंतर आमच्या दारात जे झालं ते गल्लीने अजून विसरलेलं नाही. मागचे दोन्ही दरवाजे उघडे, एका बाजूने आप्पा कमरेपर्यंत आत, दुसऱ्या बाजूने मी, आणि दोघांचे हात कोपरापर्यंत चादरीखाली. ‘‘लागला! लागला!’’ आप्पा ओरडले. तो माझा हात होता. चाचांनी काम चोख केलं होतं, कुठे शिवण ढिली नव्हती. शेवटी मी म्हणाले कात्री आणा. आप्पांनी चादरीवर हात ठेवला आणि तोंड असं केलं की मला पुढे बोलवेना. आपल्याच मागावर विणलेली चादर कापायची म्हणजे त्यांच्या जिवावर आलं होतं. तेवढ्यात अव्वा स्वयंपाकघरातून कोथिंबीर कापायची कात्री घेऊन आली, गाडीत शिरली आणि सगळ्यात मोठ्या मोराच्या पोटात ती कात्री घातली. कानडीत काय काय बोलत होती ते मी लिहीत नाही. चादर टरटर फाटली आणि आतून पहिला खटका वर आला.

आम्ही ओरडलो. समोरच्या काकू धावत आल्या, त्यांना वाटलं ताईला मुलगा झाला.

एकेक करत सगळे बाहेर निघाले. मधला डाबू निघाला तेव्हा अव्वाने डोळे पुसले आणि तो लावून बघितला. उजवीकडचा तिरका पट्टा ठणठणीत होता. डावीकडच्याचं पातं आत जायला कुरकुर करत होतं. आता माग कुरकुरला की आप्पा काय करतात, तर तेल घालतात. त्यांच्या खिशात रुमाल नसेल पण तेलाची कुपी असते. ती त्यांनी खटक्यात पिळली. कारखान्यात त्यांचं एक बोलणं ठरलेलं आहे, आधी कापूस झाडा, मग तेल द्या, नाहीतर दोन्हीचा लगदा होऊन माग बसतो. कामगारांना ते रोज ऐकवतात. त्या दिवशी लेक घरी येणार म्हणून त्यांच्या अंगात इतका उत्साह संचारला होता की कापलेल्या चादरीचे तंतू त्या खटक्यात भरलेले आहेत हे त्यांनी पाहिलंच नाही. मीही नाही. पातं सुळकन आत गेलं, सुळकन बाहेर आलं, आणि आप्पांनी बोटं पुसत माझ्याकडे पाहिलं. ‘‘हे बघ. लोण्यावानी चालतंय.’’

दुसऱ्या दिवशी मी नवा ड्रेस घालून माढ्याला पोचले. अव्वा आली नाही. एक तर स्वयंपाक होता, आणि विहिणीसमोर आपल्याला पुन्हा रडू येईल अशी तिला भीती होती. आत्याबाईंनी माझं तोंडभरून स्वागत केलं, ज्वारीची भाकरी आणि शेंगांची आमटी पोटभर खायला घातली, ताईची ओटी भरली, आणि मग पदर खोचून म्हणाल्या, ‘‘चल. पट्टा दाव.’’

शेजारच्या पाच-सहा बाया पाठोपाठ आल्या. ताई पोटावर हात ठेवून दारात उभी होती आणि नजरेने मला विचारत होती, आहे ना गं? मी ऐटीत मागचं दार उघडलं. फाटक्या मोरातून वर आलेले खटके बघून बायांमध्ये कुजबुज झाली. आत्याबाईंनी चष्मा लावला. तिरका पट्टा हळू ओढला, तो आला. मग एकदम हिसका दिला, तो जागच्या जागी अडला. पुन्हा हळू, पुन्हा हिसका. त्यांना ते फार आवडलं.

‘‘हिसका दिला की धरतोय गं! कालवडीचं दावं असलं पायजे.’’

मग त्यांनी जाहीर केलं की सुनेला बसवायच्या आधी त्या स्वतः बसून बघणार. डावीकडे बसल्या, पट्टा अंगावरून घेतला, पातं खटक्यात घातलं. खट्ट. ‘‘जुपलं बघा मला,’’ म्हणून बायांकडे बघून हसल्या. बायाही हसल्या. ताईही हसली. माझा जीव भांड्यात पडला.

‘‘बरं, आता सोड,’’ त्या म्हणाल्या.

मी लाल बटण दाबलं. काही नाही. दोन अंगठ्यांनी दाबलं. बटण आत गेलं आणि आतच राहिलं. खटक्याच्या फटीतून काळपट तेलाचा एक थेंब वर आला आणि त्याच्यामागून लाल धाग्याचं टोक, आणि मला एका क्षणात सगळं कळलं. आप्पांचं तेल, आप्पांची चादर.

पुढची पंधरा-वीस मिनिटं मी काय काय केलं मला धड आठवत नाही. बाया एकेक करून आत शिरल्या. कुणी बटणावर ठोसे मारले, कुणी पट्टा ओढला, आणि जेवढा हिसका देतील तेवढा तो आणखी आवळायचा. ‘‘हळू ओढा, हळू ओढा!’’ मी सांगत होते, पण घाईच्या वेळी हळू ओढणारं माणूस त्या आळीत एक नव्हतं. एकीने हेअरपिन घातली, ती आत राहिली. एकजण म्हणाली विळा आणते, कापून टाकू. तशा आत्याबाई कडाडल्या.

‘‘कापायचा न्हाय! कापल्यावर पट्टा ऱ्हाईल का? मग सून जाईल कशी?’’

विळ्याचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही. बोलणं बरोबर होतं. त्यांचीच अट आणि त्याच अटीत त्या अडकलेल्या, आणि तरी अट सोडायला तयार नव्हत्या. ताई वाकून हळूच म्हणाली, ‘‘आत्याबाई, पट्टा सावकाश ढिला करून डोक्यावरनं काढला, पाय वर घेतले, तर निघाल की तुमी खालनं.’’

‘‘मी काय डालग्यातली कोंबडी हाय व्हय?’’ आत्याबाईंनी डोळे वटारले. ‘‘चार बायांत लुगडं सावरत खालनं निगू?’’

मी आप्पांना फोन लावला. आप्पांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, ‘‘हितं आणा. माझ्याकडं धागं ओढायचा बारीक आकडा हाय, त्यानं सगळं निगंल. पन विहीणबाईस्नी सांगू नको हं तेल मी घातलं.’’ फोन स्पीकरवर होता.

मला वाटलं आता आत्याबाई आकाशपाताळ एक करणार. ज्या उंबऱ्याला पाय लावायचा नाही म्हणाल्या, तिथेच त्यांना गाडीत जुंपून न्यायचं होतं. त्यांनी आधी पदर सारखा केला. मग काच खाली केली आणि तिथूनच हुकूम सुटायला लागले. शेळ्या तू बघ. पिंपात पानी भरून ठेव. मांजराला ताक घाल, दूध नको, सवकतंय. घराला कुलूप लाव, कडी दोनदा वड. माज्या चपला आना. दुसरं लुगडं आना, निळं नको, ते जरीचं आना. मी गाडी सुरू करायला लागले तर, ‘‘थांब, सुनंचा कुंकवाचा करंडा ऱ्हायला.’’ फसलेल्या बाईच्या मानाने त्यांची तयारी फार व्यवस्थित चालली होती, पण हे मला तेव्हा सुचलं नाही. मी फक्त घामाघूम झाले होते.

ताई उजवीकडे बसली. तिच्या पट्ट्याची देखरेख आत्याबाईंनी अडकल्या जागेवरून केली. ‘‘आडवा हाय त्यो पोटाच्या खालनं घे, मांडीवरनं. पोटावर न्हाय यायचा, डाक्तरीण काय म्हनली? अन् तिरका छातीच्या मधनं, पोटाच्या बाजूनं. हां. आता माझा नातू बी पट्ट्यात.’’ गाव मागे पडलं तरी आळीतल्या बाया हात हलवत होत्या.

हायवेला लागलो आणि आत्याबाईंना एकदम चांगलं वाटायला लागलं. मागच्या सीटवर पट्टा लावून बसलं की माणूस राणीसारखा ताठ बसतो, असा त्यांनी शोध लावला. मग विचारलं, या पट्ट्याला म्हणायचं काय? मी सांगितलं, हा थ्री पॉइंट, मधला तो लॅप, लहान पोरांच्या सीटला खांद्यांवरून, कमरेवरून आणि मधून येणारा पाच ठिकाणी धरलेला असतो, शर्यतीच्या गाड्यांनाही तसलाच.

‘‘म्हंजे दोन टोकांचा, तीन टोकांचा, पाच टोकांचा,’’ त्यांनी बोटांवर मोजलं. ‘‘अन् एका टोकाचा?’’

‘‘तसला नसतो, आत्याबाई.’’

‘‘नसतो कसा? आमच्या म्हशीला हाय की.’’

ताई इतकी हसली की मला गाडी बाजूला घ्यावी लागली. तिला हसू आवरेना, आत्याबाईंना आवरेना, आणि हसताना कुणी पुढे वाकलं की पट्टा अडायचा, तो अडला की पुन्हा हसू. पाच टोकांच्या पट्ट्याचं नाव त्यांनी ‘झोळी’ ठेवलं आणि बाळाला घरी नेताना झोळीच पाहिजे, असा आत्ताच दम देऊन ठेवला. मी कालपासून ज्या बाईवर दात खात होते तिच्याच बोलण्यावर माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं.

मोहोळला चहाला थांबलो. ताई पाय मोकळे करायला उतरली, मी तिचा हात धरून होते. आत्याबाईंना कसं उतरता येणार? त्यांचा कप मी काचेतून आत दिला. परत फिरून आलो तेव्हा त्या कप रिकामा करून शांत बसल्या होत्या, पट्टा अंगावर, हात मांडीवर. तिथून सोलापूरपर्यंत मात्र त्या बोलल्या नाहीत. ताईने विचारलं, दुखतंय का काही, तर नुसती मान हलवली. मग एकदा ताईच्या केसांतलं गजऱ्याचं लोंबणारं टोक त्यांनी नीट खोचलं आणि बाहेर बघत बसल्या. मला वाटलं, आता घर जवळ आलं तसा त्यांना तो जुना अपमान आठवला असणार.  अव्वाला काय सांगायचं, ही बाई आपल्या दारात येऊन गाडीतच बसून राहिली तर?

घरासमोर गाडी उभी राहिली. अव्वा भाकरतुकडा ओवाळायला घेऊन पळत आली. विहीणबाई पट्ट्यात अडकून येताहेत असं आप्पांनी सांगितलं, ती तिला चेष्टा वाटली होती. तिने ताईवरून तुकडा ओवाळायला हात उचलला आणि पलीकडे आत्याबाई दिसल्या. अव्वा गाऊनमध्ये होती, हाताला पीठ, केस कसेतरी वर बांधलेले. ती ‘‘अय्यो शिवने!’’ म्हणून माघारी पळाली, दारापर्यंत गेली, तिथून परत आली, आणि तुकडा तिच्या हातातच राहिला. आप्पा एका हातात आकडा, एका हातात पक्कड, तोंडात टॉर्च अशा थाटात पुढे झाले. आत्याबाईंना त्यांनी टॉर्चसकट नमस्कार केला. मग गाडीत वाकले, खटका कुठे आहे ते चाचपायला त्यांनी बटणावर नुसतं बोट ठेवलं.

खट्ट. पातं बाहेर आलं.

आप्पांनी तोंडातला टॉर्च काढला. ‘‘बघा,’’ त्यांचा चेहरा फुलला, ‘‘माझं तेल मुरलं शेवटी!’’

आत्याबाई उतरल्या नाहीत. सुटलेला पट्टा अजून त्यांच्या खांद्यावर होता, तो त्यांनी मुठीत धरला होता.

‘‘मोहोळलाच सुटला हुता,’’ त्या म्हणाल्या. ‘‘च्या पिताना दाबून बघितला तर निगाला. मी परत लावून घेतला.’’

 अव्वा खिडकीशी येऊन म्हणाली, ‘‘मग बोलला का न्हाई, विहीणबाई?’’

‘‘बोलले असते तर तितनंच यष्टीत बसवून माघारी धाडलं असतं की मला.’’ त्यांचा तो दणदणीत आवाज इतका खाली आला होता की आप्पाही वाकून ऐकत होते. ‘‘मला वाटलं, तुमच्या गाडीत मागं पट्टा नसंल. कुनाच्यात नसतोय. म्हून म्हनले, पट्टा पायजे. दिसभर आमी दोगी बोलत आसतो. ही गेल्यावर घरात बोलायचं कुनासंगं? अन् तुमच्याकडं यावं तर त्या दिवशी तसलं बोलून बसले मी.’’

ताई गाडीला टेकून रडायला लागली. मलाही रडू येत होतं आणि त्या आप्पांच्या टॉर्चकडे बघून हसूही येत होतं. आदल्या सकाळी मी या बाईला काय काय म्हणाले होते ते मला आठवत होतं, आणि त्या क्षणी मला त्या माझ्याच घरातल्या वाटल्या.

अव्वाने तुकडा माझ्या हातात कोंबला. पिठाचा हात गाऊनला पुसला, गाडीत वाकली, आत्याबाईंची मूठ उघडली आणि त्यांच्या खांद्यावरचा पट्टा स्वतःच्या हाताने काढला.

‘‘बर्री, आत या,’’ ती म्हणाली. ‘‘कोन धाडतंय तुमाला माघारी?’’